इंग्रजी भाषेवरील घोड्याचा साज

मोटारगाडी येईपर्यंत इंग्लंडांतील शेती, प्रवास, शिकार आणि लढाई घोड्यावांचून चालत नसे. पुढें घोडा रस्त्यावरून गेला; त्याचा साज मात्र इंग्रजी भाषेच्या पाठीवर तसाच राहिला. खर्चाला 'कर्ब' लावणारा मंत्री, अखेरपर्यंत 'हार्नेस'मध्यें राहणारा वृद्ध, 'ब्लिंकर्स' लावलेला हेकेखोर टीकाकार, हीं सारीं माणसें पागेंतल्या शब्दांनींच ओळखलीं जातात.

हट्टानें स्वतःच्या मार्गानें निघालेल्या मनुष्यानें 'बिट' दांतांत धरली, असें इंग्रज म्हणतो. बिट म्हणजे लगामाचा तोंडांत राहणारा लोखंडी भाग. घोड्याचे पुढील दांत व दाढा यांच्यामध्यें दांत नसलेली जागा असते. तेथील नाजूक हिरडीवर हें लोखंड टेकतें. स्वारानें लगाम ओढला कीं तेथें दुखतें, आणि म्हणून घोडा वळतो किंवा थांबतो. परंतु तेंच लोखंड त्यानें दांतांत घट्ट आवळलें, तर स्वाराची ओढ हिरडीपर्यंत पोंचतच नाहीं. मग घोडा नेईल तिकडे जाणें आलें!

'कर्ब' याहून कठोर. या प्रकारच्या बिटला दोन्ही बाजूंस दांड्या असतात व हनुवटीखालीं सांखळी असते. लगाम ओढतांच दांड्या तरफेसारख्या फिरतात, सांखळी आवळते, आणि हाताचा थोडा जोर जबड्यावर कितीतरी पटींनीं वाढतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत या शब्दाची धार कोणास जाणवते?

'रेन' म्हणजे लगामाची वादी. हा शब्द 'धरून ठेवणें' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला. बिकट वाटेवर स्वार वादी सैल सोडी, म्हणजे घोडा आपलें पाऊल आपण निवडी. हेंच 'फ्री रेन'. राज्यवाचक 'रेन' शब्दाचा उच्चार हाच, वर्णयोजनेंत केवळ एका 'जी'चा फरक. आतां शिकलेले इंग्रजही पुष्कळदां तो 'जी' घालून जातात, आणि सैल सोडलेल्या वादीचें राज्य होऊन बसतें. 'ब्रायडल' या शब्दाची गंमत निराळी. लगाम व वधू या दोहोंकडे तो सारखाच ऐकूं येतो, म्हणून लग्नावर कोट्या होतात. पण वधूकडचा शब्द मुळांत लग्नांतील 'एल' नांवाच्या मद्याच्या मेजवानीचा आहे.

मराठीनें आपला लगाम, रिकीब व खोगीर फारसीकडून घेतलें, आणि 'खोगीरभरती' हा टोमणा स्वतः घडविला.

साजाची घोड्याकडील बाजू इंग्रजी वाचकाला दाखविली ती ॲना सेवेल या लेखिकेनें. किशोरवयांतील अपघातानें ती पायानें अधू झाली होती व तिचें हिंडणेंफिरणें घोडागाडीवरच अवलंबून असे. इ. स. १८७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक ब्यूटी'मध्यें घोडाच आपली कहाणी सांगतो. गाडीच्या घोड्याची मान ऐटीसाठीं उंच ताणून धरणाऱ्या 'बेअरिंग रेन'मुळें चढावर कसा जीव कासावीस होतो, हें त्यानें सांगितलें, आणि त्या वादीविरुद्धच्या चळवळीला जोर आला. लेखिका पुढल्याच वर्षीं वारली.