तळटीप १४ : ‘काळबादेवीच्या बोरांचा निकाल’
वाकोल्याहून गावी धाडलेल्या या पत्रातली काळबादेवी मुंबईतली नव्हे, रत्नागिरीजवळची. तिथल्या, तशाच नेवरे-मालगुंडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचे ऑक्साइड, भरपूर असते. बेसाल्ट झिजून हे कण समुद्राला मिळतात. लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड मागे राहते.

बोर घेताना ठरावीक खोलीगणिक नमुने काढतात. शिंपल्यांचा चुरा आधी आम्लाने घालवायचा, मग उरलेली वाळू ब्रोमोफॉर्म या जड द्रवात सोडायची. क्वार्ट्‌झ (घनता 2.65) तरंगते, इल्मेनाइट (सुमारे 4.7) बुडते. बुडालेल्याचे वजन म्हणजे निकालातला ‘एकूण जड खनिजे’ हा टक्का. पत्रलेखक त्यालाच टायटॅनियम समजून हुरळला आहे! त्या टक्क्यात मॅग्नेटाइट आले, पायरॉक्सीनही आले. शिवाय थर किती जाड आणि किनाऱ्यालगत कुठवर पसरलेला, हे एका बोरावरून कळत नाही. त्याची मोनाझाइटची आशा तर फोलच. थोरियम देणारे ते खनिज केरळच्या चवरा किनाऱ्यावर सापडते, कारण तिथली वाळू ग्रॅनाइटसारख्या प्राचीन खडकांतून आलेली. कोकणच्या बेसाल्टात ते मुळातच नाही.