रस्ता बंद आहे (कागदावर)

ऑनसाइटला गेलेल्या बहुतेक सगळ्या देशी इंजिनियरांनी एकदा तरी केलेली गोष्ट म्हणजे लॉस एंजेलिस ते लास वेगास ड्राइव्ह. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून पळायचं, भाड्याच्या गाडीत पाच जण कोंबायचे, आय-१५ पकडायचा, बार्स्टोला थांबून पोटात काहीतरी ढकलायचं आणि पुढे सुटायचं. मीही केलंय. परत येताना रविवारी दुपारी कुठल्याशा एक्झिटला आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. समोर काही म्हणजे काही नाही. सपाट जमीन, अंतराअंतरावर क्रिओसोटची खुरटी झुडपं, लांबवर करडे डोंगर. आणि जमिनीत रोवलेली कमरेएवढी, चपटी, तपकिरी फायबरची पट्टी. तिच्यावर मोटरसायकलचं चित्र, त्यावर लाल काट. पट्टीला दोन भोकं होती (बंदुकीच्या गोळीची, हे बरोबरच्या मित्राने समजावलं), आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी टायरचे स्पष्ट ठसे पुढे निघून गेले होते.

"हे तर आपल्या गल्लीतलं नो एंट्री!" म्हणून आम्ही जाम हसलो, फोटो काढला आणि निघालो. पण ती पट्टी डोक्यात राहिली. ती कोणी लावली? तिच्याकडे लक्ष कोण ठेवतं? आणि एवढ्या ओसाड जागेत एखादी बाइक गेली तर बिघडतं काय? मग अधूनमधून वाचत गेलो. आज ते लिहून टाकतोय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण आपल्यासारख्या पावसाळी मुलखातल्या माणसाला तोच पहिला पडतो. आपल्याकडे शेतातून ट्रॅक्टर गेला तर एका पावसाळ्यात खूण पुसली जाते. मोहावी वाळवंटात तसं होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, उत्तर आफ्रिकेतल्या लढाईची तयारी म्हणून जनरल पॅटनने इथे रणगाड्यांचं प्रचंड मोठं प्रशिक्षण केंद्र उभारलं. १९४४ मध्ये ते बंद झालं. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा आजही तिथे दिसतात! ऐंशी वर्षं झाली. वाळवंटातली माती एकदा चाकाखाली दबली की पुन्हा भुसभुशीत व्हायला शंभर वर्षांच्या आसपास लागतात, असे तिथल्या शास्त्रज्ञांचे अंदाज आहेत. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. वरची पातळ खपली एकदा फुटली की वारा खालची धूळ उचलून नेतो. १ जानेवारी १९७३ रोजी वारा सुटलेला असताना उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रात मोहावीतून निघालेले धुळीचे लोट दिसले. हॉवर्ड विल्शायर आणि त्यांच्या सहकारी भूशास्त्रज्ञांनी त्यांची मुळं शोधली, तेव्हा ती माणसाने उकरलेल्या जमिनीत निघाली, आणि त्यात मोटरसायकलवाल्यांच्या आवडत्या जागाही होत्या.

म्हणजे इथे ठसा हा नुसता ठसा नाही. एक बाइक गेली की रेघ उमटते. रेघ दिसली की दुसऱ्याला वाटतं, अरे, इथून रस्ता आहे. दहावा माणूस जातो तोवर तो खरंच रस्ता झालेला असतो. पुढची सगळी भानगड या एका वाक्यात आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

आता ही जमीन कोणाची? सरकारची. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं खातं. दक्षिण कॅलिफोर्नियाचा जो वाळवंटी पट्टा पुढे 'कॅलिफोर्निया डेझर्ट कॉन्झर्वेशन एरिया' म्हणून आखला गेला तो अडीच कोटी एकरांचा. महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश! त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग या खात्याकडे होता. साठच्या दशकात हलक्या जपानी मोटरसायकली स्वस्तात मिळू लागल्या आणि लॉस एंजेलिसचं पब्लिक शनिवार-रविवार वाळवंटात लोटू लागलं. १९६७ मध्ये बार्स्टो ते वेगास अशी शर्यत सुरू झाली. १९७४ पर्यंत तिच्यात तीन हजारांच्या घरात बाइकवाले उतरायला लागले होते. डोळ्यांसमोर आणून बघा.. झेंडा पडतो आणि तीन हजार मोटरसायकली उघड्या रानातून एकदम सुटतात.

सरकार झोपलं होतं असं नाही. ८ फेब्रुवारी १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कार्यकारी आदेश ११६४४ काढला. (हो, तेच वॉटरगेटवाले निक्सन. पर्यावरणाचे अमेरिकेतले बरेच मोठे कायदे त्यांच्याच काळातले आहेत, हे आपण विसरतो.) देशात अशी ५० लाख वाहनं असावीत असा अंदाज त्या आदेशाच्या प्रस्तावनेतच आहे. आदेश म्हणत होता की सरकारी जमिनीवर ही वाहनं कुठे जाऊ शकतील आणि कुठे नाही ते प्रत्येक खात्याने ठरवावं, आणि ठरवताना माती, झाडोरा, वन्यप्राणी यांचं नुकसान कमीत कमी होईल असं पाहावं. शिवाय परिणामांवर देखरेख ठेवावी. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला दात बसवले: नुकसान होतंय असं दिसलं तर खात्याने तो भाग ताबडतोब बंद करावा.

वाचायला झकास. पण १९७२ मध्ये बीएलएमकडे स्वतःचे पोलिसी अधिकार जवळजवळ नव्हतेच. ते आले १९७६ च्या फेडरल लँड पॉलिसी अँड मॅनेजमेंट ॲक्टने. म्हणजे चार वर्षं 'रस्ता बंद' म्हणायची सोय होती, पण कोणाला अडवायची नव्हती. बार्स्टो-वेगास शर्यतीचा १९७४ नंतर परवाना नाकारला, तर बाइकवाल्यांनी 'फँटम डक' नावाने निषेधाच्या फेऱ्या काढायला सुरुवात केली. शर्यत नाही हो, आम्ही आपले फिरायला आलोय, योगायोगाने सगळे एकाच दिवशी! :-) शेवटी १९८३ मध्ये परवाना परत द्यावा लागला. ती खऱ्या अर्थाने थांबली कासवामुळे. मोहावीतलं वाळवंटी कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं. पिल्लाची पाठ पहिली काही वर्षं मऊ असते, आणि मादी वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं लागू शकतात. अशा प्राण्याच्या बिळावरून चाक गेलं की ते नुकसान सहजी भरून येत नाही. १९८९ मध्ये त्याला तातडीचं कायदेशीर संरक्षण मिळालं, १९९० मध्ये ते कायम झालं. १९८९ ची शर्यत शेवटची ठरली.

इथे बाइकवाल्यांची बाजूही सांगायला हवी. यातले बरेच लोक तीन-तीन पिढ्या वाळवंटात येतात. तंबू, शेकोटी, आजोबांनी नातवाला शिकवलेली पहिली बाइक. वाळवंटावर त्यांचं प्रेम आहे आणि ते खोटं नाही. कासवं फक्त बाइकमुळे कमी झालेली नाहीत, रोग आहेत, पिल्लं उचलणारे डोमकावळे आहेत, वाढती गावं आहेत, लष्कराचे तळ आहेत. आणि बहुतेक लोक आखलेल्या वाटेवरूनच जातात. पण पहिली रेघ ओढायला एकच जण पुरतो, ही इथली गोम आहे.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग. १९८० मध्ये त्या अडीच कोटी एकरांचा आराखडा तयार झाला. त्यात मोठ्या भागासाठी साधासरळ नियम होता: वाहनं फक्त 'अस्तित्वात असलेल्या' मार्गांवर. १९८० साली जे आहे ते आहे, नवीन नको. पण १९८० साली नेमकं काय काय होतं, याची सगळ्यांना मान्य होईल अशी पक्की यादी कुठे होती? आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. बेसलाइन न घेता कोड फ्रीझ जाहीर केला! पुढची वीस-पंचवीस वर्षं रेघांवर रेघा उमटत राहिल्या, आणि पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्या रेघा जमिनीवर 'अस्तित्वात' होत्याच.

पश्चिम मोहावी हा त्यातला लॉस एंजेलिसला सगळ्यात जवळचा तुकडा. इथे बीएलएमची सुमारे तीस लाख एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या पाऊण. २००६ मध्ये खात्याने तिथे पाच हजार मैलांच्या आसपास मार्ग वाहनांसाठी खुले म्हणून जाहीर केले. पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेल्या. सप्टेंबर २००९ मध्ये न्यायाधीश सुझन इल्स्टन यांनी निकाल दिला की हे नियमबाह्य आहे. १९८० च्या आराखड्याचा अर्थ 'त्या वेळी असलेले मार्ग' असा असताना नंतर बेकायदा तयार झालेलेही त्यात घुसले होते. शिवाय प्रत्येक मार्ग खुला की बंद हे ठरवायला खात्याने एक 'डिसिजन ट्री' वापरला होता. तोच आपला फ्लोचार्ट, हो-नाहीचे बाण वगैरे. आणि नुकसान कमीत कमी करा, ही निक्सनच्या काळापासून चालत आलेली मुख्य अटच त्या फ्लोचार्टमध्ये नीट बसवलेली नव्हती. हे वाचताना मला आमची एक-दोन डिझाइन डॉक्युमेंट्स आठवली. असो.

पण त्याआधी, २००४ मध्ये, या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागून गेला होता, तोही दुसऱ्याच राज्यातल्या जमिनीवरून. युटामध्ये फॅक्टरी ब्यूट नावाचा करड्या, भुसभुशीत मातीचा सुंदर डोंगर आहे. त्याच्या आसपास बाइकवाल्यांना मोकळीक होती, पण आराखड्यात लिहिलेलं होतं की वापरावर देखरेख ठेवली जाईल आणि गरज पडली तर भाग बंद केला जाईल. देखरेख होत नाही म्हणून सदर्न युटा वाइल्डरनेस अलायन्स ही संस्था कोर्टात गेली. १४ जून २००४ ला एकमताने निकाल आला, लिहिला होता न्यायमूर्ती स्कालिया यांनी. थोडक्यात अर्थ असा: आराखड्यातलं 'करू' हे साधारणपणे पुढे काय करायचा विचार आहे याचं निवेदन असतं, कोर्टात ओढून करवून घेता येईल असं बंधन नसतं. पैसे किती आहेत, प्राधान्य कशाला द्यायचं, हे खात्याचं खात्याने बघावं.

यात खात्यालाही पूर्ण दोष देता येत नाही. मैलोन्‌मैल वाळवंट आणि मूठभर रेंजर. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दक्षिणेकडच्या एकट्या इम्पीरियल सँड ड्यून्समध्ये लाखाच्या वर माणूस जमतो. तिथे माणसं लावायची की चाळीस मैलांवरच्या निर्जन घळीत कोणी पट्टी उपटली ते बघायचं? तरीसुद्धा फॅक्टरी ब्यूटचं काय झालं ते बघा. निकालानंतर दोन वर्षांनी, २००६ मध्ये, तिथल्या दुर्मिळ निवडुंगांचं नुकसान होतंय म्हणून खात्याने स्वतःच सुमारे एक लाख बेचाळीस हजार एकर बंद केले. २०१९ मध्ये त्यातले पाच हजार चारशे एकर पुन्हा उघडले.

म्हणूनच इल्स्टनबाईंचा २०११ चा आदेश मला वेगळा वाटतो. त्यांनी नुसतं 'आराखडा पुन्हा करा' म्हणून सोडून दिलं नाही. नवा आराखडा येईपर्यंत काय करायचं तेही सांगितलं: खुल्या मार्गांवर खुणा लावा, कुठे खुणा आहेत याची नोंद ठेवा, बंद मार्ग पाळले जातात का आणि नवीन बेकायदा रेघा उमटतात का हे तपासत राहा, नकाशे सुधारा, अंमलबजावणीसाठी जास्तीची माणसं लावा. आराखड्यातली देखरेख आता कोर्टाच्या आदेशात आली होती.

यातली 'खुल्या मार्गांवर खुणा' ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण तीच कळीची. 'बंद'ची पाटी लावली की कोणीतरी उपटतं किंवा तिच्यावर नेम धरतं. पाटी गेली की रस्ता परत उघडा, आणि पकडलेला माणूस म्हणतो, साहेब, पाटीच नव्हती. म्हणून नियम उलटा केला: पाटी असेल तरच जा, नसेल तर बंद समजा. आता पाटी उपटून बाइकवाल्याचंच नुकसान. (फायरवॉल लावणारे मित्र गालात हसत असतील. डिफॉल्ट डिनाय!)

दुसरी युक्ती तर मला फारच आवडली. अख्खा बंद रस्ता पूर्ववत करायला ना पैसा आहे ना पाऊस. मग करायचं काय? मुख्य वाटेवरून रस्त्याचा जेवढा भाग नजरेला पडतो तेवढाच लपवायचा. कामाला आलेली पोरं-पोरी दबलेली माती खणून सैल करतात, छोटे खड्डे करतात, दगड विखुरतात, आणि आसपासच्या मेलेल्या झुडपांच्या फांद्या आणून जमिनीत उभ्या रोवतात. याला 'व्हर्टिकल मल्चिंग' म्हणतात. लांबून बघितलं तर झुडपं उगवल्यासारखी वाटतात. रेघ दिसली नाही की तिच्यावर कोणी वळत नाही. आणि त्या मेलेल्या फांद्यांच्या आडोशाला वाऱ्याबरोबर आलेलं बी अडकतं, कधीतरी रुजतंही. पुन्हा जाऊन बघायला मात्र लागतं, कारण एखादा पठ्ठ्या फांद्यांवरूनच बाइक घालतो आणि मग सगळं पहिल्यापासून.

पश्चिम मोहावीचा नवा आराखडा २०१९ मध्ये आला. त्यावरही संघटना पुन्हा कोर्टात गेल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या आयोगाने वाळवंटी कासवाला 'धोक्यात'वरून 'नामशेष होण्याच्या बेतात' या वरच्या यादीत टाकायचं ठरवलं.

तो पट्टीचा फोटो जुन्या हार्डडिस्कवर सापडला. मोठा करून पाहिला. तेव्हा दोन ठसे मोजले होते, पट्टीच्या डावीकडून एक आणि उजवीकडून एक. नीट बघितलं तर डावीकडे आणखी एक पुसट रेघ आहे, झुडपाला वळसा घालून गेलेली. आणि तिच्या बाजूला आमच्याच बुटांचे ठसे.