टर्बोचार्ज्ड इंजिनाची फेरेमर्यादा

फेरेमर्यादा किंवा रेव्ह लिमिट म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टने दर मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे घ्यावेत याची ठरवून दिलेली संख्या होय. आधुनिक मोटारींत ही संख्या इंजिन नियंत्रक संगणकात नोंदलेली असते. ती ओलांडली जाताच संगणक इंधन किंवा ठिणगी तोडतो. अंतर्भाग मूळ उत्पादकाचेच ठेवून टर्बोचार्जरचा दाब वाढवला, की त्यासोबत फेरेमर्यादाही वाढवता येईल असा समज आढळतो. मात्र दाब आणि फेरे इंजिनावर भिन्न प्रकारचे ताण आणतात.

जडत्वाचा ताण

ज्वलनाच्या वेळी वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि कनेक्टिंग रॉड दाबला जातो. टर्बोचा दाब वाढवल्यास हा भार वाढतो. फेऱ्यांमुळे येणारा भार याच्या उलट, म्हणजे ओढीचा असतो. निष्कास धावेच्या शेवटी वर आलेला पिस्टन क्षणभर थांबवून परत खाली खेचावा लागतो. त्या वेळी वरून वायूचा विरोधी दाब फारसा नसल्यामुळे जवळजवळ सगळी ओढ रॉडवर आणि त्याच्या खालच्या टोकाची टोपी आवळणाऱ्या बोल्टांवर येते. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढवले, तर ती २१ टक्क्यांनी वाढते. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला तरीही ती टळत नाही.

पिस्टनची धाव किती लांब आहे, यावरही बरेच अवलंबून असते. टोयोटाचे २जेझेड-जीटीई आणि निसानचे आरबी२६डीईटीटी ही दोन्ही जपानी, सहा सिलिंडरांची, ८६ मिमी व्यासाची टर्बो इंजिने आहेत. पहिल्याची धाव ८६ मिमी असून मीटरवरील लाल रेषा ६,८०० फेऱ्यांवर आहे. दुसऱ्याची धाव ७३.७ मिमी, तर लाल रेषा ८,००० वर आहे. आकडे दूरचे दिसत असले, तरी पिस्टनचा सरासरी वेग दोन्हींत जवळपास सारखाच, म्हणजे सेकंदाला अनुक्रमे १९.५ व १९.७ मीटर भरतो. त्यामुळे एका इंजिनाची मर्यादा दुसऱ्याला लावणे निरर्थक ठरते.

झडपा

टर्बो इंजिनात झडपांची स्प्रिंग हा आणखी एक कच्चा दुवा असतो. फेरे वाढले की स्प्रिंगला झडप कॅमच्या मागोमाग वेळेत बसवता येत नाही, आणि झडप तरंगू लागते. त्यातच आगम मार्गातील वाढीव दाब झडपेला मागून उघडण्याकडे ढकलतो. ३४ मिमी व्यासाच्या झडपेवर १ बार दाबाचा जोर सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतका होतो. त्यामुळे मूळ स्प्रिंगने नेहमीच्या दाबाला पेललेले फेरे वाढीव दाबाला पेलतीलच असे नाही.

मर्यादा ठरवणे

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा नसून उपयोगाचा असतो. जपानी बाजारपेठेतील २जेझेड-जीटीईची कमाल शक्ती ५,६०० फेऱ्यांना मिळते. सुप्राच्या सहा गतींच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.६८५ आणि चौथ्याचे १.३१२ आहे. ६,८०० वर गिअर बदलल्यास फेरे सुमारे ५,३०० वर येतात, म्हणजे शक्तीचे शिखर या पट्ट्यातच राहते. मर्यादा ७,५०० केली, तर फेरे ५,८४० वर येतात आणि इंजिन सतत शिखराच्या पलीकडेच चालते. मूळ लहान टर्बो तेथे पुरेशी हवा देऊ शकत नाहीत. मोठ्या टर्बोमुळे शिखर वर सरकल्यावरच जास्त फेऱ्यांचा विचार करण्यात अर्थ असतो. तोही डायनॅमोमीटरवर शक्तीचा आलेख काढून, आणि रॉडचे बोल्ट व स्प्रिंगा तपासून.

वेळेचा हिशेबही यातच येतो. चार धावांचे एक चक्र ६,८०० फेऱ्यांना १७.६ मिलिसेकंदांत, तर ८,००० ला १५ मिलिसेकंदांत पुरे होते. इंजेक्टर आधीच जवळजवळ सतत उघडा असेल, तर वाढीव फेऱ्यांत मिश्रण विरळ होऊन नॉकिंग सुरू होते.

मर्यादा अंमलात आणण्याची रीतही महत्त्वाची असते. ठिणगी तोडल्यास न जळलेले इंधन पुढे निष्कास मार्गात व टर्बाइनजवळ पेटून टर्बाइनला आणि उत्प्रेरकाला इजा करते. इंधन पूर्ण तोडणे यापेक्षा सौम्य असते, पण ते अर्धवट तुटले तर विरळ मिश्रणाचाच धोका उद्भवतो. लिमिटरवर वारंवार आपटत राहणेही घातक असते. आरबी२६डीईटीटीच्या सुरुवातीच्या इंजिनांत तेलपंप फिरवणारा क्रँकशाफ्टचा भाग अरुंद होता आणि अशा धक्क्यांनी पंपाची चक्रे तुटत.

लिमिटर केवळ इंजिनाने स्वतः निर्माण केलेले फेरे रोखतो. सुप्रामध्ये चौथ्यातून ६,५०० वर पाचवा टाकताना चुकून तिसरा पडला, तर क्लच सोडताच चाके इंजिनाला सुमारे ८,३५० फेऱ्यांवर नेतात. इंधन तुटलेले असले, तरी रॉडवरील ओढ लाल रेषेवरील ओढीच्या दीडपट होते.