रंगाऱ्याची कढई आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गोखिवरें, सातिवली, वालीव या भागांत लहानमोठे कारखाने दाटीवाटीनें उभे आहेत. त्यांपैकीं एखाद्यांत रंग टिकेनासा झाला किंवा मिश्रण नासलें, तर मालकानें कोणाचें दार ठोठावावें? त्याच लोहमार्गानें माटुंग्यास उतरलें असतां एक दार जवळच आहे. तें अशाच अडचणींसाठीं उघडलें गेलें, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पूर्वीं रंगाऱ्याची विद्या घराण्यांत राहत असे. कढईंत तुरटी किती घालावयाची हें बापानें मुलास सांगावें, आणि मुलगा नसेल तर ती विद्या बापाबरोबर चितेवर जावी! उलटपक्षीं कॉलेजांतील रसायनशास्त्र पुस्तकांत आणि परीक्षेंत कोंडलेलें. एकास कृति ठाऊक, पण कारण ठाऊक नाहीं. दुसऱ्यास कारण ठाऊक, पण त्याचा हात कधीं रंगलेला नाहीं.

हें अंतर तोडणाऱ्यांत प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचें नांव अग्रभागीं येतें. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं बडोद्यास कलाभवन निघालें, त्याचे ते प्रवर्तक. पुढें ते मुंबईस आले. तेथें १८९६ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास कोणीं डांबर फांसलें. तें गज्जरांनीं रसायनांच्या साहाय्यानें काढून दाखविलें, आणि प्रोफेसरांची विद्या फळ्यापलीकडेही चालते हें शहरानें पाहिलें. गज्जर व त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांच्या उद्योगांतून १९०७ सालीं अलेंबिकचा कारखाना उभा राहिला.

तथापि एका पुरुषाच्या बळावर चाललेलें कार्य त्याच्याबरोबर थकतें. १९१४ चें महायुद्ध पेटतांच जर्मनीचे रंग येईनासे झाले आणि कापडगिरण्यांस आपली परावलंबी स्थिति उमगली. १९२० सालीं गज्जर निवर्तले. व्यक्तीचें काम आतां संस्थेनें उचलणें प्राप्त होतें.

१ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू केला. आरंभींचे विषय दोनच : कापडाचें रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरण्यांच्या शहराला नेमकें हेंच हवें होतें. १९३८ मध्यें कृष्णस्वामी वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९४३ मध्यें विभाग माटुंग्यास आला. रंगद्रव्यांवरील वेंकटरामनांचें संशोधन जगन्मान्य ठरलें. पुढें १९६४ मध्यें प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा कारखान्यांस सल्ला देत आणि मूलभूत संशोधनही करीत. १९९० मध्यें ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. कारखान्याशीं संबंध ठेवल्यानें विद्या बाटते, या समजुतीला त्याहून चोख उत्तर तें कोणतें? २००८ मध्यें या विभागास स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या देवघेवींत एक पेंच मात्र आहे. जो द्रव्य देतो तो गुप्तता मागतो, आणि विद्यापीठाचा धर्म तर प्रसिद्धि हा. विशिष्ट कृति कारखान्याकडे राहावी, परंतु तिच्यामागील तत्त्व सर्वांसाठीं छापलें जावें, हाच त्यांतील न्याय्य मार्ग. तेंही झांकलें गेलें, तर रंगाऱ्याच्या घराण्याच्या जागीं कंपनीचें घराणें आलें, एवढाच फरक!

दुसरी गोष्ट लहानांची. मोठ्या कारखान्याजवळ स्वतःची प्रयोगशाळा असते. चार कामगारांच्या शेडजवळ ती कोठून असणार? सल्ल्याचें मोल देणेंही तिला जड. अशा मालकाची अडचण एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्या अभ्यासाचा विषय केली, तर एकाचा माल सुधारेल आणि दुसऱ्याचा हात रंगेल. वालीवची नासलेली बरणी माटुंग्यास जावी आणि माटुंग्याचा विद्यार्थी वालीवला यावा. कढई आणि पुस्तक यांची गज्जरांनीं घातलेली गांठ तेव्हांच पक्की झाली असें म्हणतां येईल.