उत्तराविना प्रार्थनेचे गीत

भजनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, ही रीत नांदेड-लातूरकडच्या आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही अशीच रीत रुजली. एकाने आर्त साद घालायची, समुदायाने तिला प्रतिसाद द्यायचा. या 'गॉस्पेल' गायनातून पुढे 'सोल' संगीत उदयास आले. डेट्रॉइटच्या एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची कन्या अरीथा फ्रँकलिन ही त्या संगीताची सम्राज्ञी. तिच्या गायकीने भारावलेल्या एका रॉक गायकाने १९७६ साली एक गीत रचले. त्या गायकाचे बालपण आपल्या महाराष्ट्रात गेले होते.

फारोख बलसारा हा १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. वयाच्या आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला आणि १९५८ साली चार मित्रांसह त्याने 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद उभारला. हाच मुलगा पुढे लंडनमध्ये 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला.

त्याचे 'समबडी टु लव्ह' हे गीत नोव्हेंबर १९७६ मध्ये एकल तबकडीच्या रूपाने निघाले. दिवसभर राबून थकलेला एक माणूस गुडघे टेकून देवाला आळवतो, प्रेमाचे एक माणूस मागतो; पण उत्तर येत नाही. गीतात मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो. वास्तविक गाणारे तिघेच होते. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज थरांवर थर देऊन मुद्रित केले होते.

इंग्लंडमध्ये हे गीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, अमेरिकेत तेराव्या. आदल्या वर्षीच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने इंग्लंडमध्ये नऊ आठवडे अग्रस्थान राखले होते. त्या मानाने हे यश थोडे उणेच म्हणावे लागेल.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी एड्सने निवर्तला. त्या काळी हा रोग म्हणजे कलंक, अशीच समाजाची समजूत होती. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावरील स्मृतिमैफलीत जॉर्ज मायकेल यांनी तेच गीत 'क्वीन'च्या साथीने गायिले आणि हजारो श्रोत्यांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला. ते मुद्रण ज्या तबकडीत समाविष्ट झाले, ती १९९३ साली इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे उत्पन्न एड्सविरोधी कार्याला देण्यात आले.

ज्या गीतातील एकाकी माणसाला उत्तर मिळत नव्हते, त्याला सोळा वर्षांनी एका जनसमुदायाने प्रतिसाद दिला. अनुत्तरित आक्रोश म्हणजे श्रद्धेचा अभाव, असे मानण्याची घाई आपण अनेकदा करतो. परंतु बायबलमधील कितीतरी स्तोत्रे अशाच आक्रोशाने आरंभ होतात. एकाकी माणसाची साद कानी आली असता टाळकऱ्यांप्रमाणे ती झेलणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.