भस्म तेच, धनी वेगळे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांचा जुना वाद आहे: पॅलाडिन, म्हणजे देवाच्या नावाने लढणारा योद्धा, सज्जनच हवा का? पूर्वी नियमच तसा होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ती अट उरली नाही, शपथ पाळली की झालं!

आमच्या नेरकडे गोसावी म्हटलं की झोळी आठवते. पण अनुपगिरी गोसाव्याकडे नागा साधूंची फौज होती. १७६१ ला पानिपतावर तो शुजाउद्दौल्याकडून, म्हणजे अब्दालीच्या बाजूने, मराठ्यांशी लढला. पुढे महादजी शिंद्यांसोबत आला. १८०३ ला मराठ्यांविरुद्ध इंग्रजांना मिळाला.

ढोंगी म्हणायचं का त्याला? मला नाही वाटत. फौज पोसायची तर धनी लागतोच. पण भस्म बघून कुणाला सज्जन ठरवू नये, एवढं नक्की.