खुलताबाद : परिसरातील अल्पखर्चाच्या सहली

खुलताबाद हे छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे २५ किमी.वर, दौलताबादचा घाट चढून गेल्यावर लागणारे तालुक्याचे लहान गाव असून ‘रौजा’ (समाधिस्थान) या जुन्या नावानेही ते ओळखले जाते. दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी यांच्या दरम्यान असल्यामुळे बहुतेक पर्यटक येथे फारसे थांबत नाहीत. वस्तुतः पायी हिंडून आणि जवळजवळ तिकिटाविना दख्खनच्या चार शतकांचा इतिहास पाहता यावा, असे गाव मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून एसटीने येथे येता येते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे निम्मे भाडे पडते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे.

दर्गे व कबरी : मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा दिल्लीहून आलेल्या चिश्ती परंपरेतील सूफींमुळे या पठाराला धार्मिक महत्त्व आले आणि संताच्या सान्निध्यात दफन व्हावे, या श्रद्धेपोटी पुढे राजे, सरदार व विद्वान यांच्या कबरी येथे होत गेल्या. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या दर्ग्याच्या आवारात हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क (मृत्यू १७४८) आणि त्याचा पुत्र नासिरजंग यांच्या कबरी आहेत. शिष्यांची उपासमार होत असता येथे रात्री चांदीची झाडे उगवत, अशी आख्यायिका असून फरसबंदीतील चांदीचे कोंब त्यांचाच अवशेष म्हणून दाखविले जातात.

समोरच्या जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर (१७०७) आहे. तो अहमदनगरजवळ मरण पावला व त्याच्या इच्छेनुसार त्याला येथे आणून पुरण्यात आले. कबरीवर घुमट वा छत नाही. मधोमध उघडी माती असून तीत सब्जाचे रोप लावलेले असते. भोवतीची संगमरवरी जाळी मूळची नसून विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून, निजामाने बसविली, असे सांगितले जाते. शहाजहानने ताजमहाल उभारला आणि त्याच्याच पुत्राने उघड्या मातीची कबर मागितली, हा फरक येथे डोळ्यांना दिसतो. हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. बंदोबस्तामुळे येथील प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात.

गावाबाहेरील मलिक अंबरचा मकबरा विशेष उल्लेखनीय आहे. हबशी गुलाम म्हणून भारतात आलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झालेला आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणारा हा पुरुष १६२६ मध्ये मरण पावला. ज्या शहराने त्याच्या नहरींचे पाणी शतकानुशतके वापरले, त्या शहरातून त्याच्या कबरीकडे येणारे फार थोडे असतात. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान तानाशहा आणि फार्सी कवी व चरित्रकार आझाद बिलग्रामी यांच्याही कबरी खुलताबादेतच आहेत. बनी बेगमच्या बागेत मध्यभागी कबर असून कोटाच्या कोपऱ्यांवर देखण्या छत्र्या आहेत.

भद्रा मारुती : येथील मारुतीची मूर्ती शयनावस्थेत असून अशा मूर्ती भारतात मोजक्याच आहेत. भद्रसेन राजाचे रामभजन ऐकता ऐकता मारुती येथे भावसमाधीत निजला, अशी कथा आहे. श्रावणातील शनिवारी व हनुमान जयंतीस शहरातून हजारो भाविक रात्रभर पायी चालत पहाटे दर्शनाला पोहोचतात.

सुलीभंजन : गावाजवळील या टेकडीवर एकनाथांनी तपश्चर्या केल्याचे मानले जाते; त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे (दौलताबादचे) किल्लेदार होते. येथे दत्तमंदिर असून आपटल्यावर धातूसारखा नाद देणारा एक दगड दाखविला जातो.

कागजीपुरा : दौलताबाद-खुलताबाद मार्गावरील या खेड्यात हातकागदाचा जुना व्यवसाय आहे. कापडाच्या चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून त्यात चाळणीसारखी चौकट बुडवितात व वर येणारा पातळ थर वाळवून, घोटून कागद करतात.

म्हैसमाळ : सुमारे बारा किमी.वरील थंड हवेचे ठिकाण, पावसाळ्यात गर्दी. गिरिजादेवीचे मंदिर.

वेरूळ : घाट उतरल्यावर सुमारे चार किमी. चौतीस लेण्यांचा हा समूह १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग व मालोजीराजे भोसले यांच्या गढीची जागा लेण्यांपासून जवळच आहे. लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी आलेल्या प्रवाशांनी खुलताबादचे दर्गे, मलिक अंबरचा मकबरा आणि सुलीभंजन यांसाठी वेळ राखावा.